खुर्द्याची गणती

‘तोफेच्या तोंडी दिलेली माणसं’ हे शब्द मी मागे घ्यावेत, असं मला सांगण्यात आलं आहे. मार्चमधल्या सुरक्षा सप्ताहात चिंचवडच्या एका सभागृहात बोलताना चाकण पट्ट्यातल्या कंत्राटी कामगारांसाठी मी ते वापरले होते. चहाच्या वेळी तिघांनी मला बाजूला घेतलं. त्यांतल्या एकांनी उभी हयात भोसरीत प्रेस शॉप सांभाळण्यात घालवलेली. आवाज न चढवता ते म्हणाले, “साहेब, टाळ्या घ्यायला शब्द बरा आहे. पण खोटा आहे.”

त्यांचे आक्षेप चार. एक, कारखाना म्हणजे रणांगण नव्हे. तिथे कुणी कुणाला मारायला बसलेलं नसतं. दोन, ही पोरं आपल्या पायांनी येतात, कुणी मुसक्या बांधून आणत नाही. तीन, या तुलनेत जवानाचा अपमान आहे. आणि चार, कामगाराचाही आहे, कारण तोफेपुढे उभा केलेला माणूस म्हणजे मुकं जनावर झालं. हा शेवटचा मला लागला.

चारांपैकी साडेतीन आक्षेप मला अमान्य आहेत. उरलेला अर्धा शेवटी कबूल करतो.

आधी शब्दाचं बघू. तोफेच्या तोंडी देणं ही आपल्याकडे एके काळी खरीखुरी शिक्षा होती. ऑक्टोबर १८५७मध्ये मुंबईच्या एस्प्लनेड मैदानावर सय्यद हुसेन आणि मंगल गाडिया या दोन शिपायांना तोफेला बांधून उडवलं गेलं, गर्दीच्या देखत. पुढे शिक्षा गेली, वाक्प्रचार उरला आणि त्याचा अर्थ सरकला. आता ज्याचा काही गुन्हा नाही, पण ज्याच्या जाण्याने आपलं काही अडत नाही, अशाला धोक्यापुढे ढकलणं म्हणजे तोफेच्या तोंडी देणं. युरोपात हीच कल्पना दुसऱ्या वाटेने आली. शेक्सपिअरचा फॉल्स्टाफ पैसे घेऊन धडधाकट माणसांना भरतीतून सोडतो, फाटक्या-तुटक्यांची पलटण उभी करतो आणि दारूगोळ्याला खायला एवढी पुरेत म्हणून मोकळा होतो. फ्रेंचांचा ‘तोफेचं मांस’ हा शब्द शातोब्रियांच्या १८१४ सालच्या नेपोलियनविरोधी पुस्तिकेशी जोडला जातो. जर्मनांनी त्याला ‘तोफेचा चारा’ म्हटलं.

फरक लक्षात घ्या. तिकडची सगळी नामं आहेत: खाद्य, मांस, चारा. नाम उच्चारलं की माणसाची जात ठरून जाते, जणू तो जन्मालाच चारा म्हणून आला. मराठीने मात्र क्रियापद ठेवलं. ‘दिला’ म्हटलं की पुढचा प्रश्न टळत नाही: कोणी दिला? मी तो शब्द वापरला तो या प्रश्नासाठी. सभागृहातल्या मंडळींना टोचला असेल तर बहुधा तोही याच प्रश्नामुळे.

दुसरा प्रश्न, कुणाला देतात? त्याचं उत्तर मराठी माणसाला पानिपतापासून ठाऊक आहे. १४ जानेवारी १७६१च्या त्या दिवसाची बातमी पेशव्यांपर्यंत पोचली ती सावकारी भाषेतल्या एका चिठ्ठीतून, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. दोन मोत्यं गळाली, सत्तावीस मोहरा गेल्या आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही, असा तिचा आशय. मोत्यं कोणती हे शाळकरी पोरही सांगतं: विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ. मोहरांची नावंही बखरींतून जुळवता येतात. खुर्दा म्हणजे कोण, हे कुणी विचारत नाही. खुर्दा म्हणजे बारगीर आणि शिपाई. त्यांच्याही मागे बुणगे: पखालीतून पाणी वाहणारे, घोड्यांना वैरण घालणारे, भाकऱ्या भाजणारे, न्हावी, लोहार, वाणी आणि त्यांची बायकापोरं. ज्यांच्या पाण्यावर आणि भाकरीवर लष्कर चालत होतं, त्यांच्या नावाची आपण पुढे शिवी केली. आज राजकारणी एकमेकांना ‘बाजारबुणगे’ म्हणतात तेव्हा कुणाला तो पखालवाला आठवत नाही.

दीडशे वर्षांनी हीच गोष्ट पुन्हा घडली आणि तिच्या नावातच पुणं होतं. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात कुत-अल-अमाराला वेढ्यात सापडलेली फौज सहावी पूना डिव्हिजन होती. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी तीत होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी तिने शरणागती पत्करली तेव्हा सुमारे तेरा हजार माणसं कैदेत गेली. त्यांत हजारोंनी ‘फॉलोअर’ होते. बुणग्यांचंच हे सरकारी नाव. मेसोपोटेमियातल्या ज्या मृतांची थडगी सापडली नाहीत त्यांच्यासाठी १९२९मध्ये बसरा इथे स्मारक झालं. त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावं आहेत, हिंदी अधिकाऱ्यांचीही आहेत. हिंदी शिपायांचा मात्र पलटणीच्या नावाखाली नुसता आकडा: आणखी इतके हिंदी सैनिक. युद्धस्मारकं सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने २०२१मध्ये स्वतःचीच चौकशी केली आणि आफ्रिका, आशियातल्या किमान १,१६,००० मृतांची नावं नोंदलीच गेली नाहीत किंवा त्यांचं कसलंच स्मारक झालं नाही, असं मान्य करून माफी मागितली. म्हणजे खुर्दा कुणी जन्मतः नसतो. यादी करणारा ठरवतो तेव्हा माणसाचा खुर्दा होतो.

इथून आक्षेपांकडे वळतो. तिसरा आधी घेतो, कारण तो सर्वांत सोपा आहे. जवानाचा अपमान?

पिंपरी-चिंचवडला हे कुणी शिकवायला नको. दापोडीला लष्कराचं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, देहूरोडला छावणी आणि दारूगोळ्याचा कारखाना आहे, नदीपलीकडे खडकीत १८६९पासून दारूगोळा बनतो. तिथल्या कुठल्याही शिपायाला त्याचा सेवाक्रमांक झोपेतून उठवून विचारा. त्याच्या गळ्यात ओळखीची चकती असते, त्याच्या पश्चात कुटुंबाला पेन्शन असते. २०१९मध्ये दिल्लीत उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय युद्धस्मारकात पंचवीस हजारांहून अधिक नावं कोरलेली आहेत. शिपायाचं नाव आहे, आकडा नाही. स्वतंत्र भारताच्या लष्कराने बसऱ्याची चूक सुधारली. तेव्हा अपमान जवानाचा कसला? तो केव्हाच खुर्द्यातून बाहेर पडला. वाक्प्रचार लष्करातून निवृत्त झाला आणि एमआयडीसीत कंत्राटावर लागला, हे माझं म्हणणं आहे.

दुसरा आक्षेप, पोरं स्वतःहून येतात. बरोबर. पण कुतला गेलेले तरी कुठे बळजबरीने गेले होते? हिंदी लष्करात सक्तीची भरती नव्हती. साताऱ्याच्या आणि कोकणाच्या डोंगराळ गावांतून पोरं गेली ती जमिनीचा तुकडा घराला पुरेना म्हणून. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाने पहिल्या महायुद्धात ४६ माणसं गमावली; गाव आजही ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणून ओळखलं जातं. आज बीड, लातूर, नांदेड, यवतमाळहून आयटीआय झालेला पोरगा याच हिशेबाने चाकणला उतरतो. बिहार आणि ओडिशाहून येणारा आणखी लांबून येतो, पण हिशेब तोच. फरक एवढाच, की ज्या गावांनी आपली बोटं चाकणच्या प्रेसखाली ठेवली, त्यांच्या नावापुढे काही लागत नाही. येणारा आपल्या मर्जीने येतो हे खरं. पण त्याच्या येण्याने, पुढे त्याला कशासमोर उभं करायचं याचा परवाना आपल्याला मिळत नाही. मर्जी घरातून निघण्याची होती. गार्ड काढलेल्या मशीनवर हात घालण्याची नव्हती.

आता पहिला आक्षेप. कारखाना रणांगण नव्हे. मान्य, म्हणूनच प्रकरण जास्त वाईट आहे. तोफ माणूस मारण्यासाठीच घडवलेली असते, तिला संरक्षक जाळी बसवली तर ती तोफ राहत नाही. पॉवर प्रेस पत्र्याला आकार देण्यासाठी असते. तिला जाळी बसते. बसवावी असं २०२५पर्यंत लागू असलेल्या १९४८च्या कारखाने अधिनियमाचं कलम २१ सांगत होतं. यंत्राचे धोकादायक भाग भक्कमपणे झाकलेच पाहिजेत, असा तो हुकूम होता. माझ्यापेक्षा प्रेस शॉप सांभाळलेले ते गृहस्थ हे चांगलं जाणतात. जुन्या, चावीच्या क्लचच्या प्रेसचं पेडल एकदा दाबलं की स्लाइड खाली जाऊन पुन्हा वर आल्यावरच थांबते, मध्ये रोखता येत नाही. क्लचची चावी झिजली तर पेडल न दाबताही दुसरा ठोका पडतो. नव्या प्रेसला दोन्ही हातांनी दाबायची बटणं असतात, म्हणजे डाय खाली येताना हात बटणांवरच राहतात. समोर प्रकाशाचा पडदा असतो, बोट आत गेलं की मशीन जागच्या जागी थांबतं. हे सगळं बाजारात मिळतं. आणि टार्गेट चुकायला लागलं की एक बटण तारेने बांधून टाकलेलं, सेन्सर बंद करून ठेवलेला, हेही या पट्ट्यात काम केलेल्याला नवीन नाही. डायमध्ये अडकलेला जॉब चिमट्याऐवजी बोटांनी काढला की ताशी पाच-दहा नग जास्त निघतात. बोट जातं ते त्या पाच-दहा नगांसाठी.

मानेसरची ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था २०१९पासून वाहन उद्योगातल्या अशा जखमींवर ‘क्रश्ड’ नावाचे अहवाल काढते. हरियाणापासून सुरू झालेलं तिचं काम पुण्याच्या पट्ट्यापर्यंत आलं आहे. चित्र तेच पुन्हा पुन्हा दिसतं: अपघात मोठ्या कंपनीच्या झगमगीत असेंब्ली लाइनवर कमी, तिला सुटे भाग पुरवणाऱ्यांच्या साखळीत जास्त, जखमी बहुतेक परगावचे, बरेचसे कंत्राटी, आणि बोटं प्रेसखाली.

प्रेस राहू द्या. तळवड्याची दारू तरी आठवा. ८ डिसेंबर २०२३च्या दुपारी तळवड्यातल्या एका छोट्या कारखान्यात आग लागली. तिथे वाढदिवसाच्या केकवर लावायच्या, ठिणग्या उडवणाऱ्या मेणबत्त्या तयार होत होत्या. सहा महिला जागीच गेल्या, पुढच्या दिवसांत इस्पितळातून आणखी मृत्यूंच्या बातम्या येत राहिल्या. कारखाना आवश्यक परवानग्यांशिवाय चालू असल्याचं त्यानंतर उघड झालं. तिच्या अडीच वर्षं आधी, ७ जून २०२१ला, मुळशीतल्या उरवड्याच्या रासायनिक कारखान्याच्या आगीत सतरा जण होरपळून गेले, त्यांत बहुतेक महिलाच. ‘तोफेच्या तोंडी’ हा शब्द अतिशयोक्त वाटतो त्यांनी तळवड्याच्या शेडमध्ये काय भरलं जात होतं ते पाहावं. ती दारूच होती. फक्त तिचं गिऱ्हाईक लढाईऐवजी केक कापणारं होतं.

यावर उत्तर तयार असतं: ते बेकायदा होतं, आम्ही कायदेशीर आहोत. इथेच मला खुर्दा पुन्हा दिसतो, कारण गणती कुठून सुरू करायची हेसुद्धा कायदाच ठरवतो. १९७०च्या कंत्राटी कामगार कायद्यात ठेकेदाराला परवान्याची अट वीस माणसांपासून होती, महाराष्ट्राने ती पन्नासांवर नेली. विजेवर चालणारी शेड ‘कारखाना’ ठरायला १९४८च्या केंद्रीय कायद्यात दहा माणसं पुरत, नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेत वीस लागतात. दोन्ही वेळा उंबरठा वर गेला आणि त्याच्या खाली माणसं राहिली. त्यातून वर चढलेल्यांसाठी ‘ब्रेक’ आहे. बारा महिन्यांत २४० दिवस भरले तर कामगार हक्क सांगेल, म्हणून सात महिने झाले की त्याला घरी बसवायचं आणि महिन्या-दीड महिन्याने दुसऱ्या ठेकेदाराच्या नावाने त्याच मशीनवर आणायचं. चाकणमध्ये ‘सध्या ब्रेकवर आहे’ हे वाक्य आजाराइतक्या सहजपणे बोललं जातं. त्याची दहा वर्षांची नोकरी कागदावर दहा वर्षांची होतच नाही.

आता एक तक्ता सांगतो. कामगार नुकसानभरपाईच्या १९२३च्या कायद्याला एक परिशिष्ट होतं. पूर्ण अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के गेली. तर्जनी १४ टक्के. मधलं बोट १२. अनामिका किंवा करंगळी प्रत्येकी ७. एका हाताची चारही बोटं गेली तर ५०. कर्मचारी राज्य विमा योजनाही याच तऱ्हेने मोजते. इतका बारीक हिशेब पाहून वाटतं, इथे तरी गणती चोख आहे. पण मोजणी होण्यासाठी माणूस आधी वहीत असावा लागतो. या पट्ट्यातले वकील आणि संघटनांचे कार्यकर्ते वर्षानुवर्षं एकच गोष्ट सांगतात: बोट सकाळी गेलं, विम्याची नोंदणी दुपारी झाली. कार्ड हातात येईपर्यंत हाताला बँडेज होतं. करंगळीची किंमत सात टक्के हे देशाला ठाऊक आहे. ती करंगळी कुणाची होती हे कळायला मात्र अपघात व्हावा लागतो.

आता मला विरोधकांसाठीही थोडं बोललं पाहिजे. भोसरी, तळवड्याच्या शेडचा मालक हा पुष्कळदा स्वतःच कालचा कामगार असतो. हप्त्यावर घेतलेली दोन मशीन, गहाण टाकलेलं घर आणि वरच्या कंपनीकडून दरवर्षी ‘दर कमी करा’ म्हणून येणारं पत्र. पोलाद महागलं तरी ते पत्र चुकत नाही. त्याने प्रकाशाचा पडदा बसवावा, पण त्याचा खर्च दरात धरायला वरचा तयार नसतो. तो खलनायक नाही. पानिपतावर तोफ ओढणारेही सगळे खलनायक नव्हते. म्हणूनच मी मराठी क्रियापदाला धरून बसलो आहे. ‘कोणी दिला?’ हा प्रश्न शेडच्या मालकापाशी थांबत नाही, सुट्या भागाचा दर ठरवणाऱ्या टेबलापर्यंत जातो. ज्या कंपनीला आपल्या गाडीच्या ब्रॅकेटमधला शतांश मिलिमीटरचा फरक तिसऱ्या पायरीवरच्या शेडमध्ये जाऊन पकडता येतो, तिला त्याच शेडमधलं तारेने बांधलेलं बटण दिसत नाही, हे मला पटत नाही. गुणवत्तेची तपासणी जिथवर पोचते, तिथवर जबाबदारीही पोचली पाहिजे. कायद्यानेही ‘मूळ मालक’ ही कल्पना याचसाठी ठेवली होती. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर मूळ मालकाने द्यायची, हे १९७०पासून कायद्यात आहे. मजुरीला जो न्याय, तो बोटाला का नाही?

आता तो कबूल करायचा अर्धा आक्षेप. तोफेच्या तोंडी दिलेला म्हटलं की माणूस मुकं जनावर ठरतो, असं ते गृहस्थ म्हणाले. भाषणाच्या भरात मी त्या दिवशी एकदा ‘तोफेचं खाद्य’ असंही म्हणालो होतो. तो शब्द मी मागे घेतो. परक्या भाषेतून उचललेलं ते नाम होतं आणि त्याने खरंच अपमान झाला. संध्याकाळी पाळी सुटल्यावर तळेगाव चौकात वडापाव खात पुढच्या महिन्याचं घरभाडं, बहिणीची फी आणि गावच्या विहिरीची मोटर यांचा हिशेब एका दमात करणारा पोरगा खाद्य नाही. तो माझ्यापेक्षा चांगला हिशेबनीस आहे. पण ‘दिला’ हे क्रियापद मी सोडणार नाही. अपमान नामात होता. क्रियापदात फक्त आरोप आहे, आणि तो कामगारावर नाही.

त्या दिवशी सभागृहातून निघताना शेजारच्या एका कारखान्याच्या फाटकाशी थांबलो. तिथे हिरवा फलक होता, या पट्ट्यात जागोजागी असतो तसा: ‘अपघाताविना दिवस’, आणि पुढे खडूने बदलायचा आकडा. आकडा चांगला तीन अंकी होता. सुरक्षारक्षकाला विचारलं, “यात कंत्राटवाले धरतात का?” तो हसला. खुद्द तोही एजन्सीचा होता. म्हणाला, “साहेब, हा कंपनीचा बोर्ड आहे.”

माझी मागणी या फलकापुरतीच आहे, मोठी नाही. फाटकाच्या आत जो कुणी काम करतो, मग पगार कुणाच्याही वहीतून येवो, त्याचं बोट गेलं की तो आकडा शून्यावर यावा. सुटे भाग पुरवणाऱ्या शेडमध्ये गेलं तरी मोठ्या कंपनीच्या फाटकावरचा आकडा शून्यावर यावा. काही महिने त्या बोर्डावर शून्याखेरीज काहीच दिसणार नाही आणि व्यवस्थापकांना ते बोचेल. बोचू द्या. ज्या दिवशी ही गणती सुरू होईल, त्या दिवशी मी माझा वाक्प्रचार मागे घेईन. तोवर, भोसरीच्या त्या सद्गृहस्थांची माफी मागून, तो वापरत राहीन.